पिक्सेल एलईडी म्हणजे काय? गल्लीच्या उत्सवासाठी सगळ्यांनी मिळून लाइट आर्ट कसं करायचं?

दिवाळी संपली की कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडायला लागते आणि अंधार लवकर होतो. त्रिपुरी पौर्णिमा, नाताळ, थर्टी फर्स्ट, सोसायटीचं गॅदरिंग, सगळं याच दिवसांत येतं. अशा वेळी ग्रुपवर कोणीतरी एक रील टाकतं. त्यात अख्खी भिंत लाटेसारखी रंग बदलत असते. खाली कमेंट येते, "आपल्याकडे पण करूया ना!"

करता येतं, आणि ते फार महागही नाही. पण बहुतेक ठिकाणी गाडी एकाच जागी अडते. चाळीस घरांनी हौसेनं कंदील बनवलेले असतात आणि ऐन कार्यक्रमाच्या रात्री त्यातले वीस पेटतच नाहीत. ज्या पोरांनी आठवडाभर कागद कापला, त्यांचाच कंदील काळा राहतो. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते आजच्या लेखात सुरुवातीपासून समजून घेऊया.

लाइट आर्ट म्हणजे नेमकं काय?

साधी रोषणाई आणि लाइट आर्ट यात फरक आहे. रोषणाईत माळा विकत आणून टांगल्या की काम संपतं. लाइट आर्टमध्ये उजेड हाच रंग आणि उजेड हाच कागद. काय दिसणार, कधी दिसणार आणि बघणारा कुठे उभा राहणार, हे आधी ठरवलेलं असतं.

लोकांनी एकत्र येऊन हे करणं काही नवीन नाही. तीन उदाहरणं बघा.

- साखळी, गोवा: त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या होड्या सोडतात. गावोगावचे लोक लाकूड, कागद, थर्माकोल वापरून त्या स्वतः तयार करतात आणि त्यांची स्पर्धाही होते.
- ल्योन, फ्रान्स: ८ डिसेंबर १८५२ रोजी मेरीच्या पुतळ्याच्या उद्घाटनाचा सोहळा खराब हवामानामुळे धोक्यात आला होता. तेव्हा शहरातल्या लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आज तो जगातल्या मोठ्या प्रकाश-उत्सवांपैकी एक आहे. मोठमोठे प्रोजेक्टर आले, तरी खिडकीत दिवा ठेवण्याची पद्धत तिथे अजून टिकून आहे.
- ब्रायटन, इंग्लंड: १९९४ पासून हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास इथे कंदिलांची मिरवणूक निघते. लवचीक काड्या आणि पांढरा पातळ कागद वापरून लोक घरी कंदील बनवतात आणि शेवटी समुद्रकिनाऱ्यावर त्यांची होळी करतात.

तिन्हीकडे वस्तू साधी आहे आणि ती प्रत्येक जण स्वतः करतो. आपल्याकडे तर घरी बनवलेल्या आकाशकंदिलाची परंपरा आहेच. त्यात फक्त पिक्सेल एलईडी घालायचा आहे.

पिक्सेल एलईडी आणि साधी एलईडी पट्टी यात फरक काय?

साध्या रंगीत पट्टीत रिमोटचं बटण दाबलं की पूर्ण पट्टी एकदम लाल होते किंवा एकदम निळी. मधला एकच दिवा वेगळ्या रंगाचा करता येत नाही.

पिक्सेल एलईडीत प्रत्येक दिव्याला स्वतःची छोटी चिप असते. सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी. तो ५ व्होल्टवर चालतो. त्याच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे असतात आणि प्रत्येकाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. म्हणजे एका दिव्यातून २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६ रंग मिळू शकतात. तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनचं तत्त्वही हेच. फक्त इथे पिक्सेल वाटाण्याएवढा असतो आणि स्क्रीन गल्लीएवढी!

एकाच वायरमधून प्रत्येक दिव्याला वेगळा रंग कसा पोचतो?

लग्नाच्या पंगतीत पत्रावळ्यांचा गठ्ठा पहिल्या माणसाच्या हातात देतात ना, तसं समजा. पहिला माणूस वरची एक पत्रावळ स्वतः ठेवतो आणि उरलेला गठ्ठा पुढे सरकवतो. दुसराही तेच करतो.

इथे प्रत्येक पत्रावळ म्हणजे २४ बिट माहिती. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ८ बिट. पहिला एलईडी पहिले २४ बिट ठेवून घेतो आणि बाकीचे पुढे पाठवतो. वेग सेकंदाला ८ लाख बिट, म्हणजे एका एलईडीची माहिती जायला ३० मायक्रोसेकंद. २०० एलईडी असतील तर ६ मिलिसेकंदांत सगळ्यांना निरोप पोचतो. डोळ्यांना तो एकाच क्षणी बदललेला दिसतो.

आता यातली गोम लक्षात घ्या. पंगतीत मधलाच एक जण उठून गेला, तर गठ्ठा पुढे जाणार कसा? मधला एक एलईडी खराब झाला किंवा एक जोड सुटला, तर त्याच्या पुढचे सगळे दिवे बिघडतात. सातव्या घराच्या कंदिलातली वायर निघाली, की आठव्यापासून चाळिसाव्या घरापर्यंत अंधार. त्या ३३ घरांची काहीच चूक नसते.

म्हणून लोकांनी मिळून केलेल्या कामात एकच लांबलचक माळ करू नका. तिचे तुकडे पाडा. डब्ल्यूएस२८१३ आणि डब्ल्यूएस२८१५ या प्रकारांत माहितीसाठी एक जादा वायर असते. त्यामुळे एखादाच एलईडी गेला तरी पुढचे चालू राहतात. बजेट असेल तर ते घ्या.

एक नमुना प्लॅन: ४० घरं, ४० कंदील

समजा चाळीत ४० घरं आहेत. प्रत्येक घर एक कंदील बनवणार, प्रत्येकात ५ पिक्सेल. एकूण २०० पिक्सेल.

पायरी १: करंटचा हिशोब

डब्ल्यूएस२८१२बी पूर्ण पांढऱ्या रंगात, पूर्ण उजेडात साधारण ६० मिलिअँपिअर करंट घेतो, असं धरून हिशोब करतात.

२०० × ६० मिलिअँपिअर = १२ अँपिअर
१२ अँपिअर × ५ व्होल्ट = ६० वॉट

६० वॉट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढीच वीज. मग एक मोठा पॉवर सप्लाय एका टोकाला लावून टाकला तर? इथेच फसगत होते.

पायरी २: वायर व्होल्टेज खाते

तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटर वायरला दर मीटरला साधारण ०.०२४ ओहम रोध असतो. शेवटची दहा घरं १० मीटर लांब आहेत असं धरा. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून वायर मोजायची २० मीटर. रोध झाला ०.४८ ओहम. त्या दहा घरांचे ५० पिक्सेल ३ अँपिअर घेतात.

३ × ०.४८ = सुमारे १.४ व्होल्ट

म्हणजे ५ व्होल्टपैकी शेवटच्या घरांपर्यंत पोचले ३.६ व्होल्टच. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. व्होल्टेज घसरलं की आधी निळा मंदावतो. म्हणूनच माळेच्या शेवटी पांढरा रंग पिवळट, मग तांबूस दिसायला लागतो. दुकानदारानं खराब माल दिला असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा दोष आपल्या वायरिंगचा असतो.

पायरी ३: चार गट करा

दहा-दहा घरांचे चार गट पाडा. प्रत्येक गटाला स्वतःचा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा बंद अॅडॅप्टर आणि स्वतःचा छोटा कंट्रोलर. गटाची गरज ३ अँपिअर आणि अॅडॅप्टरची ताकद ५, म्हणजे तो आरामात चालतो आणि फार तापत नाही. यातून तीन फायदे होतात.

- वायर लांब जात नाही, त्यामुळे व्होल्टेज टिकतं.
- एक गट बंद पडला तरी बाकीची ३० घरं उजळलेली राहतात.
- २३० व्होल्टचे उघडे स्क्रू असलेला पत्र्याचा सप्लाय वापरावाच लागत नाही. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

१२ व्होल्टचे पिक्सेलही मिळतात. तेवढीच पॉवर १२ व्होल्टवर नेली तर करंट कमी लागतो आणि वायरमधली घटही कमी होते. पण १२ व्होल्टचे सगळे प्रकार सारखी वीज घेत नाहीत. एका पिक्सेलला किती वॉट, हे विकत घेण्याआधी विचारा. आणि ५ व्होल्टचे पिक्सेल चुकून १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरला जोडू नका, ते जळतात. एका कामात एकच व्होल्टेज ठेवणं बरं.

कंट्रोलर कोणता आणि मोबाइलवरून कसा चालवायचा?

ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ नावाचा वाय-फाय असलेला बोर्ड घ्या. बोट-दीड बोट रुंदीचा असतो. त्यात डब्ल्यूएलईडी हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकायचं. टाकताना कंप्युटर आणि यूएसबी केबल लागते. क्रोम ब्राउझरमधूनच ते इन्स्टॉल होतं, कोड लिहावा लागत नाही. पुढचं सगळं मोबाइलवर.

१. बोर्ड चालू करा. मोबाइलच्या वाय-फाय यादीत डब्ल्यूएलईडी-एपी नावाचं नेटवर्क दिसेल.
२. त्याचा सुरुवातीचा पासवर्ड म्हणजे सॉफ्टवेअरचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत आणि पुढे १२३४.
३. "इंटरनेट नाही" असा मेसेज आला तरी जोडलेले राहा. फोन परत मोबाइल डेटावर उडी मारत असेल, तर डेटा थोडा वेळ बंद ठेवा.
४. ब्राउझरमध्ये ४.३.२.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. कंट्रोल पान उघडेल.
५. सेटिंगमध्ये एलईडीची संख्या ५० टाका आणि प्रकार निवडा. लाल निवडल्यावर हिरवा दिसला तर घाबरू नका, फक्त रंगांचा क्रम बदला.
६. करंटची मर्यादा बघा. सुरुवातीला ती ८५० मिलिअँपिअर असते, त्यामुळे सगळं मंद दिसतं. आपल्या अॅडॅप्टरसाठी ती ३,००० करा. पण ही मर्यादा अंदाजानं काम करते, फ्यूजची जागा ती घेत नाही.

चारही बोर्ड एकाच वाय-फायवर आणून सिंक चालू केलं की एका फोनवरून चारही गट एकत्र रंग बदलतात. यासाठी घरात पडून असलेला जुना राउटर चालतो, त्यात इंटरनेट नसलं तरी हरकत नाही. फक्त हे बोर्ड २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय पकडतात, ५ गिगाहर्ट्झचं नाही.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली, पासवर्ड बदला. सुरुवातीचा पासवर्ड जगाला माहीत आहे. गर्दीतला एखादा हुशार पोरगा आरती चालू असताना लाइट डिस्को मोडवर टाकू शकतो! दुसरी, आवडता इफेक्ट प्रीसेट म्हणून सेव्ह करा आणि वीज आल्यावर तोच सुरू होईल असं सेट करा. मग कार्यक्रमात वाय-फाय गंडलं किंवा लाइट जाऊन आली, तरी कंदील आपोआप पेटतात.

जोडणी करताना होणाऱ्या चुका

- ग्राउंड वेगळा ठेवणं: बोर्ड आणि पिक्सेल यांचे ग्राउंड एकत्र जोडलेच पाहिजेत. नाहीतर रंग वेडेवाकडे चमकतात.
- उलट्या टोकाला जोडणं: माहिती एकाच दिशेनं जाते. पट्टीवरचा बाण बघा आणि बाणाच्या सुरुवातीला बोर्ड लावा.
- डेटा वायर लांब ठेवणं: बोर्डचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवरच्या पिक्सेलला साधारण ३.५ लागतो. जवळ असेल तर बहुतेक वेळा चालून जातं, लांब गेलं की दगा देतं. बोर्ड पहिल्या कंदिलाजवळच ठेवा किंवा मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप लावा.
- संरक्षण न देणं: डेटा वायरमध्ये ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर आणि पॉवरच्या दोन टोकांमध्ये १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पैसे अगदी थोडे लागतात, पहिला पिक्सेल वाचतो. कपॅसिटरचं अधिक-उणे नीट बघा.
- नुसत्या पिळलेल्या वायरी: सोल्डर करा किंवा कनेक्टर वापरा. वाऱ्यानं कंदील हलला की पिळलेला जोड आधी सुटतो.

कंदील सुंदर कसा दिसेल?

उघडा एलईडी डोळ्यात टोचतो. मध्ये उजेड पसरवणारा पडदा हवा. बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, पांढरा पतंगी कागद, दुधी रंगाची प्लास्टिकची बरणी, यातलं काहीही चालतं. सोपा नियम असा: दोन पिक्सेलमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढं अंतर पिक्सेल आणि कागदात ठेवा. मग ठिपके न दिसता एकसारखा उजेड दिसतो.

रंगीत कागदापेक्षा पांढरा घ्या. लाल कागदातून निळा उजेड बाहेरच येत नाही. कागद पांढरा असला की रंग मोबाइलवरून ठरवता येतो.

उजेडही बेतानं ठेवा. अंधारात ३० टक्के पुरेसा होतो. समोरच्या घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असू शकतं, त्यांच्या खिडकीवर रात्रभर चमचम नको. रात्री बंद करण्याची वेळ आधीच ठरवून सगळ्यांना सांगा. डब्ल्यूएलईडीत टायमर आहे, पण तो वेळ इंटरनेटवरून घेतो. इंटरनेट नसेल तर बंद करायची जबाबदारी एका माणसावर द्या.

मिरवणुकीसाठी हातात धरायचा कंदील

इथे पॉवर बँक कामाला येते. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टवर प्रत्यक्षात साधारण ६,००० एमएएच हाती लागतं. २० पिक्सेल ३० टक्के उजेडावर आणि बोर्ड मिळून अंदाजे ४६० मिलिअँपिअर घेतात. म्हणजे १२-१३ तास आरामात.

एक अडचण येते. करंट फारच कमी लागत असेल, तर काही पॉवर बँकांना फोन फुल चार्ज झाला असं वाटतं आणि त्या आपोआप बंद होतात. म्हणून आदल्या दिवशी तासभर चालवून बघा.

सुरक्षा: हा भाग वगळू नका

५ व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. पण ५ व्होल्टनं आग लागू शकते. करंट जास्त असतो, पातळ वायर किंवा ढिला जोड तापतो आणि बाजूला कागद, कापूस, थर्माकोल असतं. म्हणून प्रत्येक गटाच्या पॉवर वायरवर फ्यूज लावा.

- २३० व्होल्टची बाजू लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गळती झाली की तो लाइन तोडतो. एमसीबी ते काम करत नाही.
- रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती वीजचोरी आहे. उत्सवासाठी वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी मिळते, तिच्यासाठी आधी अर्ज करा.
- आयपी आकडे वाचा. आयपी२० म्हणजे पाण्यापासून संरक्षण नाही. आयपी६५ पाण्याचा मारा सोसतं. आयपी६७ थोडा वेळ पाण्यात बुडालं तरी टिकतं. पट्टी आयपी६७ असली तरी तिचा अॅडॅप्टर तसा असेलच असं नाही. थंडीत पहाटे दव पडतं, म्हणून अॅडॅप्टर छताखाली, हवा खेळेल अशा जागी ठेवा.
- वायर चालण्याच्या वाटेवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर नको.
- एलईडीच्या कंदिलात "शोभेसाठी" पणती ठेवू नका. पणती लावायची तर जमिनीवर, वेगळी.

काम कसं वाटून घ्याल?

तीन टीम पुरतात. पहिली कंदील बनवणारी. यात सगळी घरं, आजीपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत. दुसरी वायरिंगची, तिसरी टेस्टिंगची. प्रत्येक कंदिलाला नंबर द्या आणि एका कागदावर नकाशा काढा: कोणता कंदील कोणत्या गटात, कितवा. बिघाड शोधताना हा कागद अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतो. शेवटचा नीट पेटणारा कंदील आणि पहिला बंद कंदील यांच्या मधला जोड तपासा. दोष बहुतेक तिथेच सापडतो.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सगळं लावून सलग चार तास चालवा. दर तासाला अॅडॅप्टर आणि जोड तपासा. एखादा अॅडॅप्टर हात ठेववत नाही इतका गरम झाला असेल तर बंद करून लोड तपासा. एक जादा बोर्ड, एक जादा अॅडॅप्टर आणि दहा जादा पिक्सेल हाताशी असू द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोटोत कंदील नुसते पांढरे ठिपके का दिसतात?
फोन आजूबाजूचा अंधार बघून एक्स्पोजर वाढवतो. कंदिलावर बोट दाबून फोकस धरा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, रंग परत येतात. रंग पटापट बदलत असतील तर नाइट मोड बंद ठेवा, नाहीतर सगळे रंग एकमेकांत मिसळतात.

व्हिडिओत काळ्या पट्ट्या का सरकतात?
पिक्सेल एलईडी फार वेगानं चालू-बंद होऊन उजेड कमी-जास्त करतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेवून बघा.

उत्सव संपल्यावर काय करायचं?
पिक्सेल आणि बोर्ड काढून, नंबर लावून डब्यात ठेवा. पुढची कित्येक वर्षं तेच वापरता येतील, बदलेल फक्त कागद. खराब झालेले एलईडी आणि पॉवर बँका ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.

तर मित्रांनो, तंत्र एवढंच आहे. हिशोब कागदावर करा, माळेचे तुकडे पाडा आणि आदल्या रात्री तपासा. मग कार्यक्रमाच्या दिवशी स्विच दाबला की चाळीसच्या चाळीस कंदील पेटतील आणि खाली उभं असलेलं प्रत्येक पोरगं बोट दाखवून म्हणेल, "तो बघ, तो आमचा!" हा लेख तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नक्की शेअर करा, म्हणजे वायरिंगच्या टीममध्ये तुम्ही एकटे पडणार नाही.